डिस्ने वर्ल्डमध्ये मिकीबरोबर जेवण: पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबांसाठी

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मिकी माउसला भेटायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पार्कात रांग लावायची, नंबर आला की अर्ध्या मिनिटात फोटो काढून पुढे सरकायचं. दुसरा म्हणजे कॅरॅक्टर डायनिंग. यात तुम्ही टेबलाशी बसता आणि मिकी, मिनी, डोनाल्ड एकामागून एक तुमच्यापाशी येतात. मुलाच्या वहीत सही करतात, मिठी मारतात, फोटोला उभे राहतात. जेवण ठरावीक दरात, पोटभर.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. इथे पैसे मोजतो ते मुलाला मिळणाऱ्या त्या भेटीसाठी, पदार्थांसाठी नाही. जेवण चांगलं असतं, पण तेवढ्याच पैशात त्याहून चांगलं जेवण बाहेर मिळेल. म्हणून रेस्टॉरंट निवडताना मेन्यू शेवटी बघायचा. आधी मुलाचं वय, त्याचा स्वभाव आणि त्याच्या झोपेची वेळ बघायची. दमलेलं, पेंगुळलेलं मूल मिकीकडे पाठ फिरवून रडतं आणि मग सगळ्यांचाच विरस होतो. असं बहुतेक वेळा वेळ चुकीची निवडल्यामुळे होतं.

आधी ठरवा: मुलाला कोणाला भेटायचं आहे?

कॅरॅक्टर दोन प्रकारचे. मिकी, गूफी, प्लूटो, पूह, स्टिच हे पूर्ण पोशाखातले, मोठ्या मुखवट्याचे. ते बोलत नाहीत, सगळं हातवाऱ्यांनी चालतं. दुसरे म्हणजे सिंड्रेला, स्नो व्हाइट, टियाना यांच्यासारखे, ज्यांचा चेहरा दिसतो. ते मुलांशी गप्पा मारतात, प्रश्न विचारतात.

भारतातून जाणाऱ्या कुटुंबांनी हा फरक नीट लक्षात घ्यावा. घरात मराठीच बोलणारी चार वर्षांची मुलगी सिंड्रेलाने इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नापुढे गप्प होऊन आईच्या मागे लपू शकते. मिकी कुठलीच भाषा बोलत नाही, त्यामुळे तिथे ती अडचणच येत नाही. त्याला टाळी दिली की तो टाळी देतो, नमस्कार केला की हात जोडतो. राजकन्यांकडेच जायचं असेल तर स्वतःचं नाव आणि आवडीची एक गोष्ट इंग्रजीत सांगण्याचा आठवडाभर आधी घरी सराव करून घ्या. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांना ही अडचण नसते. पाच ते आठ वर्षांच्या, गोष्टींत रमणाऱ्या मुलामुलींना राजकन्यांशी बोलणं उलट जास्त आवडतं.

आता ठिकाणं.

शेफ मिकीज हे कंटेम्पररी हॉटेलमधलं बुफे. मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी, प्लूटो असे पाचही जण एकाच जेवणात भेटतात. हॉटेलच्या इमारतीतून मोनोरेल आरपार जाते आणि ती जेवताना दिसते. गाड्यांचं वेड असलेल्या मुलाला मिकीइतकीच ती मोनोरेल आवडते. जागा मात्र गोंगाटाची. मधूनमधून गाणं लागतं आणि सगळे हातातले नॅपकिन फिरवतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना एकच ठिकाण करायचं असेल तर आमची शिफारस हीच. मूल आवाजाला बिचकत असेल तर मात्र नाही.

अशा मुलासाठी एपकॉट पार्कातलं गार्डन ग्रिल बरं. हे फिरतं रेस्टॉरंट आहे. जेवता जेवता जागा हळूहळू सरकते आणि खाली बोटीच्या राइडमधली दृश्यं दिसतात. रेस्टॉरंट लहान, म्हणून चिप आणि डेल, मिकी, प्लूटो टेबलापाशी पुन्हा पुन्हा येतात. बुफे नाही. पदार्थ टेबलावर आणून ठेवतात, संपले की पुन्हा देतात. त्यामुळे ताटं घेऊन उठबस करावी लागत नाही, आणि लहान बाळ बरोबर असेल तर ही मोठी सोय आहे.

मॅजिक किंगडम पार्कात दोन आहेत. क्रिस्टल पॅलेसमध्ये विनी द पूह आणि त्याची मंडळी, म्हणजे टिगर, पिगलेट, ईयोर. तीन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांना हे सगळ्यात सौम्य वाटतं. दुसरं सिंड्रेलाज रॉयल टेबल, थेट तिथल्या सिंड्रेलाच्या किल्ल्याच्या आत, वरच्या मजल्यावर. सगळ्यात महागड्या ठिकाणांत ते मोडतं. मुलीला राजकन्यांचं खरंच वेड असेल तर जा, केवळ किल्ला आतून बघायचा म्हणून जाऊ नका. राजकन्यांसाठी एपकॉटच्या नॉर्वे विभागातलं अकर्शस हाही चांगला पर्याय आहे. तिथे जेवण नॉर्वेच्या वळणाचं असतं, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी आधी मेन्यू बघून घ्यावा.

अ‍ॅनिमल किंगडम पार्कातल्या टस्कर हाउसमध्ये मिकी, डोनाल्ड, डेझी, गूफी सफारीच्या कपड्यांत येतात. बुफेत आफ्रिकी आणि भारतीय मसाल्यांचा हात असलेले पदार्थ असतात. ज्यांना रोजच्या फिक्या जेवणाचा कंटाळा आला असेल त्यांना इथे बरं वाटतं. हॉटेलांमधली आणखी काही: पॉलिनेशियनमधलं ओहाना, जिथे लिलो आणि स्टिच भेटतात, बीच क्लबमधलं केप मे कॅफे, रिव्हिएरामधलं टोपोलिनोज टेरेस, ग्रँड फ्लोरिडियनमधलं १९०० पार्क फेअर आणि वाइल्डरनेस लॉजमधलं आर्टिस्ट पॉइंट. शेवटच्या ठिकाणी स्नो व्हाइटबरोबर तिची दुष्ट राणीही येते. तिला घाबरणारी मुलं असतील तर घरी आधी तिची ओळख करून द्या.

इथे एक चूक वारंवार होते. ओहाना, केप मे आणि टोपोलिनोज या तिन्ही ठिकाणी कॅरॅक्टर फक्त नाश्त्याला येतात. रात्रीचं टेबल मिळालं या आनंदात लोक बुकिंग करतात, आणि तिथे गेल्यावर कळतं की एकही कॅरॅक्टर येणार नाही. आर्टिस्ट पॉइंटचं उलट, तिथे रात्रीचं जेवणच असतं. रेस्टॉरंटचं नाव आणि वेळ यांची जोडी जुळते का ते बुकिंगच्या पानावर वाचून मगच पुढे जा.

हॉटेलमधल्या रेस्टॉरंटला जायला पार्कचं तिकीट लागत नाही, पार्कातल्या रेस्टॉरंटला लागतं. म्हणून पोहोचल्याचा दिवस किंवा निघायच्या दिवसाची सकाळ, म्हणजे ज्या दिवशी पार्कचं तिकीट वाया गेलं असतं, तो दिवस हॉटेलच्या जेवणासाठी उत्तम.

घड्याळ मुलाचं, आपलं नाही

भारतातून थेट गेलेल्या मुलांचं शरीर पहिले तीन-चार दिवस भारताच्याच वेळेवर चालतं. उन्हाळ्यात फ्लोरिडात संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेचार. त्या वेळेला मुलाला टेबलाशी बसवलं तर ते खुर्चीतच झोपणार. उलट हीच मुलं पहाटे तीन-चारला टक्क जागी असतात आणि सकाळी आठपर्यंत भुकेने कासावीस होतात. तेव्हा भारतातून आलेल्यांनी पहिल्या दिवसांत सकाळचा, शक्य तितका लवकरचा नाश्ता घ्यावा. रात्रीचं जेवण घ्यायचंच असेल तर चौथ्या-पाचव्या दिवसानंतर, आणि तेही संध्याकाळी पाचच्या सुमाराचं.

अमेरिकेतूनच जाणाऱ्यांना आम्ही दहा ते साडेदहाचा नाश्ता सुचवतो. पार्क उघडताना दोन-तीन राइड कमी रांगेत होतात, मग नाश्ता आणि दुपारचं जेवण एकदमच उरकतं. संध्याकाळपर्यंत थोड्या खाऊवर निभावतं आणि एका जेवणाचे पैसे वाचतात. टस्कर हाउसला मात्र ही युक्ती जपून वापरा. त्या पार्कातली सफारी सकाळी लवकर करायची, तेव्हा प्राणी हालचाल करताना दिसतात. आधी सफारी, मग नाश्ता.

जून ते सप्टेंबरमध्ये तिथे दुपारी कडक ऊन आणि बऱ्याचदा गडगडाटी पाऊस. या महिन्यांत दीड-दोनचं जेवणही चांगलं, दीड तास गार हवेत बसायला मिळतं. फक्त दुपारी झोपणाऱ्या मुलाच्या झोपेच्या वेळेवर ते येऊ देऊ नका.

आजी-आजोबा बरोबर असतील तर तारीख पक्की करण्याआधी कालनिर्णय उघडून बघा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार त्या दिवशी येत असेल तर उपास असलेल्या आजींचेही पूर्ण पैसे लागतात, कारण दर माणशी असतो, खाल्लं किती त्यावर नाही. एक दिवस पुढेमागे केलं की प्रश्न मिटतो.

बुकिंग: साठावा दिवस

टेबलं साठ दिवस आधी उघडतात. डिस्नेच्या संकेतस्थळावर ती अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेनुसार सकाळी सहाच्या सुमारास दिसू लागतात. अमेरिकेत उन्हाळी वेळ (घड्याळं तासभर पुढे) चालू असेल तर भारतात तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, नसेल तर साडेचार. उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. म्हणजे अमेरिकेतल्या मुलाने पहाटे उठण्याऐवजी पुण्यातल्या काकाने दुपारी चहाच्या वेळेला बुकिंग करून दिलं तरी चालतं. फक्त खातं एकच हवं आणि त्यात सगळ्यांची नावं आधी भरलेली हवीत.

डिस्नेच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना एक मोठी सवलत आहे. त्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या साठ दिवस आधी पूर्ण मुक्कामाची, जास्तीत जास्त दहा दिवसांची टेबलं एकदम घेता येतात. उदाहरण घ्या. २० डिसेंबरला हॉटेलात उतरायचं आहे. त्याआधीचा साठावा दिवस २१ ऑक्टोबर. त्या दिवशी तुम्ही २६ डिसेंबरचंही टेबल घेऊ शकता. बाहेरच्या हॉटेलात राहणाऱ्याला २६ डिसेंबरसाठी २७ ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागतं. म्हणून सगळ्यात अवघड टेबल, किल्ल्यातलं किंवा टोपोलिनोजचं, मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांवर ठेवा. तिथे तुमची स्पर्धा कमी लोकांशी असते. शोधायलाही तिथूनच सुरुवात करा, सोपी टेबलं मागाहून घ्या.

आदल्या दिवशी करून ठेवायच्या गोष्टी थोड्याच, पण एखादी राहिली तर हातातोंडाशी आलेलं टेबल जातं. खात्यात लॉगिन करून बघा. कार्ड आधीच साठवून ठेवा. भारतीय कार्ड असेल तर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून घ्या, ते बंद असतात म्हणून बुकिंग अडल्याचं खूपदा घडतं. पहिली, दुसरी, तिसरी अशा पसंतीच्या तीन जागा आणि प्रत्येकीच्या दोन वेळा कागदावर लिहून ठेवा. त्या क्षणी कुटुंबाशी चर्चा करायला वेळ नसतो.

माणसं मोजताना मांडीवरचं बाळही धरायचं. तीन वर्षांखालच्या मुलाला पैसे लागत नाहीत, पण त्याची जागा मोजली जाते. सहा-आठ जणांचं टेबल मिळणं कठीण, कारण मोठी टेबलं मोजकीच असतात. मिळालं नाही तर चार-चारची दोन टेबलं एकाच वेळेची घ्या आणि तिथे पोहोचल्यावर शेजारी बसवायची विनंती करा. बहुतेक वेळा ते प्रयत्न करतात, पण त्याची हमी नसते. म्हणून दोन्ही टेबलांवर एकेक मोठं माणूस आणि मुलं असतील अशी विभागणी आधीच ठरवा.

साठाव्या दिवशी काही मिळालं नाही तरी नाद सोडू नका. बुकिंग बहुतेक ठिकाणी जेवणाच्या दोन तास आधीपर्यंत रद्द करता येतं. न कळवता गेलं नाही तर माणशी दहा डॉलर कापले जातात. त्यामुळे बेत बदललेले लोक टेबलं सोडतात ती आदल्या रात्री आणि त्याच दिवशी सकाळी. जेवायच्या आदल्या दिवशी रात्री झोपताना आणि सकाळी उठल्या उठल्या डिस्नेचं अ‍ॅप उघडून बघायचं, एवढंच. चार जणांचं दिसत नसेल तर दोनचं आणि तीनचंही शोधून बघा. काही ठिकाणी त्याच दिवशीच्या प्रतीक्षायादीत अ‍ॅपमधून नाव घालता येतं, त्यासाठी तुम्ही त्या भागात असावं लागतं. आणि तुमचा बेत बदलला तर तुम्हीही वेळेत रद्द करा. ते टेबल दुसऱ्या कुणाच्या मुलाला मिळतं.

खर्चाचा अंदाज

नऊ वर्षांपर्यंतच्या मुलाला लहान मुलांचा दर, दहा पूर्ण झाली की मोठ्यांचा. तीनखालचं मूल फुकट. दर रेस्टॉरंटप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतात. नाश्ता स्वस्त, रात्रीचं जेवण महाग, किल्ल्यातलं त्याहून महाग. नेमका आकडा बुकिंगच्या पानावर दिसतो, पण तो बिलाचा आकडा नाही, त्यावर कर आणि टिप चढते.

समजा नाश्त्याचा दर मोठ्यांना ५५ आणि मुलांना ३५ डॉलर आहे. आई-बाबा, आजी-आजोबा, सहा वर्षांचं एक मूल आणि दोन वर्षांचं बाळ. चार मोठे २२०, मूल ३५, बाळ शून्य, एकूण २५५. साडेसहा टक्के कर साधारण साडेसोळा डॉलर. टिप अठरा ते वीस टक्के, वीस धरली तर ५१. हातातून जातात साधारण ३२३ डॉलर. भारतातून जाणाऱ्यांना टिपेचा हा आकडा बोचतो, पण तिथल्या वेटरचं उत्पन्न त्यावरच चालतं. बुफे असला तरी पेयं आणणं, ताटं उचलणं, कॅरॅक्टर चुकला तर त्याला परत बोलावणं हे सगळं तोच करतो. मोठ्या गटांच्या बिलात टिप आधीच धरलेली असते. बिलावर ती ओळ आहे का बघा, नाहीतर दोनदा दिली जाते.

आठवडाभराच्या सहलीत असं एक जेवण पुरे. दुसरं करायचंच तर वेगळ्या प्रकारचं करा, एक मिकीचं आणि एक राजकन्यांचं. तिसऱ्याला मुलांचा उत्साह ओसरलेला असतो.

शाकाहारी, अंडं न खाणारे, जैन

अमेरिकेत व्हेजिटेरियन म्हटलं की अंडं त्यात येतं. नुसतं व्हेजिटेरियन सांगून थांबू नका. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही असं एकेक नाव घेऊन सांगा. मेन्यूत ज्या पदार्थापुढे छोटं पान छापलेलं असतं त्यात मांस, दूध, अंडं आणि मध यांपैकी काहीच नसतं. अंडं न खाणाऱ्यांसाठी ती सगळ्यात सोपी खूण. त्यात कांदा-लसूण आणि बटाटा असू शकतो, म्हणून जैन मंडळींनी ते वेगळं विचारावं.

नाश्ता शाकाहारी लोकांना सगळ्यात सोपा. मिकीच्या तोंडाच्या आकाराचे वॉफल, बटाट्याचे तळलेले प्रकार, फळं, दही, ओट्स, टोस्ट, सीरियल. मुलं बहुतेक वॉफलवरच राहतात. मात्र वॉफल, पॅनकेक, मफिन यांच्या पिठात सहसा अंडं असतं. अंडं चालत नसेल तर वेटरला सांगून शेफला टेबलापाशी बोलावून घ्या. ही तिथली नेहमीची पद्धत आहे, त्यात संकोच वाटायचं कारण नाही. अ‍ॅलर्जी किंवा पथ्य असेल तर ते बुकिंग करतानाच नोंदवा आणि टेबलाशी बसल्यावर पुन्हा सांगा.

लपलेल्या गोष्टी लक्षात ठेवा. सूप बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात केलेलं असतं. मार्शमेलो आणि जेलीत जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून येतं. बीन्स चरबीत परतलेल्या असू शकतात. बुफेत बेकनचा चिमटा शेजारच्या भांड्यात ठेवला जातो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी शेफकडून वेगळं ताट मागावं, ते स्वयंपाकघरातून वेगळं वाढून येतं.

बाळाचं खाणं बरोबर नेता येतं. काचेच्या बाटल्या पार्कात चालत नाहीत, बाळाच्या खाण्याच्या बरण्या मात्र चालतात. खिमट किंवा नाचणीची पेज थर्मासमध्ये न्या. बुफे चालू असताना बाळाचं पोट आधीच भरलेलं असेल तर आईला चार घास सुखाने खाता येतात.

घरातली तयारी

दीड ते चार वर्षांच्या मुलांना त्या मोठ्या मुखवट्यांची भीती वाटणं अगदी साहजिक आहे. पडद्यावरचा मिकी हाताएवढा असतो, समोर आलेला मुलापेक्षा कितीतरी उंच, आणि डोळे मिटत नाहीत. जायच्या आधी महिनाभर अशा भेटींचे व्हिडिओ दाखवा. मिकी बोलणार नाही, फक्त हात हलवेल, तुला हवं तर तू हात हलव, नको तर नको, असं आधीच सांगून ठेवा.

सहीची वही घ्या, निदान तळहाताएवढ्या पानाची, जाड कागदाची. पेन जाडजूड घ्या, मार्करसारखं. गूफीच्या मोठ्या हातमोज्यात बारीक बॉलपेन धरता येत नाही आणि सही अर्ध्यावर राहते. प्रत्येक सहीसमोरचं पान कोरं ठेवा, त्यावर नंतर तिथलाच फोटो चिकटवता येतो.

राजकन्यांच्या जेवणाला मुली झगे घालतात, पण परकर-पोलकंही तितकंच खुलून दिसतं आणि त्यावरून बोलायला विषय मिळतो. जिगाचं, टोचणारं काही नको, दीड तास बसायचं असतं. पार्कात चौदा किंवा त्याहून जास्त वयाच्यांना वेषभूषा करून जाता येत नाही.

पोहोचायचं कसं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. एका डिस्ने हॉटेलातून दुसऱ्या डिस्ने हॉटेलात जायला सहसा थेट बस नसते. आधी एखाद्या पार्कात किंवा डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानं-रेस्टॉरंटांच्या भागात जाऊन दुसरी बस पकडावी लागते. सकाळी आठच्या नाश्त्यासाठी नव्वद मिनिटं हातात ठेवा, नाहीतर टॅक्सी करा. स्वतःची गाडी असेल तर हॉटेलच्या फाटकावर बुकिंग दाखवलं की आत सोडतात.

मॅजिक किंगडमपासून शेफ मिकीज चालत दहा मिनिटांवर, मोनोरेलनेही जाता येतं. पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन हीदेखील मोनोरेलवरच. रिव्हिएराला स्कायलायनर हा तारेवरून जाणारा पाळणा जातो, पण वीज कडाडत असली की तो थांबवतात, म्हणून पावसाळी दिवशी त्याच्या भरवशावर राहू नका.

ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा. जवळ आल्यावर अ‍ॅपमधूनच हजेरी लावता येते, टेबल तयार झालं की फोनवर संदेश येतो. बाबागाडी बाहेर ठेवावी लागते, तेव्हा वही, पेन, बाळाचं खाणं आणि ओले पुसणे आधीच हातातल्या पिशवीत काढून घ्या. मुलांना शू करवून आणा. अगदी नको त्या वेळी कुणीतरी बाथरूमला जातं आणि नेमका तेव्हाच डोनाल्ड येतो.

टेबलाशी बसल्यावर

वेटरला पहिलाच प्रश्न विचारा: आज कोण कोण आहे आणि आत्ता ते कोणत्या बाजूला आहेत? कॅरॅक्टर ठरावीक क्रमाने टेबलं घेत जातात. ते नुकतेच तुमच्या भागातून गेले असतील तर निवांत ताटं वाढून घ्या. जवळ आले असतील तर बुफेकडे जाऊच नका.

बुफेला सगळ्यांनी मिळून कधीच उठायचं नाही. एक मोठं माणूस मुलांजवळ कायम बसलेलं हवं. सगळे वॉफलच्या रांगेत असताना मिनी येते, रिकामं टेबल बघते आणि पुढे जाते.

बसायची जागा विचार करून ठरवा. जो उत्साहाने उड्या मारतोय त्याला वाटेच्या बाजूला. जो बिचकतोय त्याला आतल्या बाजूला, भिंतीला पाठ लावून, शेजारी आई किंवा आजी. पाठीमागून अचानक कुणी आलं की मुलं सगळ्यात जास्त दचकतात, म्हणून कॅरॅक्टर दुरून दिसेल अशी त्याची खुर्ची फिरवा.

समजा प्लूटो येतोय आणि मूल आकसून बसलंय. तुम्ही प्लूटोला हाताने हळू असा इशारा करा, त्यांना तो कळतो. ते दोन पावलं मागेच थांबतात, कधी खाली गुडघ्यावर बसतात. आधी तुम्ही स्वतः त्याच्या हाताला हात लावा, मग आजोबा लावतील. मुलाला बघू द्या. वही त्याच्या हातात द्या आणि टेबलावरून पुढे सरकवायला सांगा, म्हणजे मधे अंतरही राहतं आणि भेटही होते. बरीचशी मुलं तिसऱ्या-चौथ्या कॅरॅक्टरपर्यंत सैल होतात. उचलून त्याच्या हातात देणं, फोटोसाठी ओढून उभं करणं, भित्रा म्हणणं, यातलं काहीही करू नका. एकदा रडं फुटलं की उरलेलं जेवण गेलं.

वही कोऱ्या पानावर उघडून, पेनाचं टोपण काढून तयार ठेवा. मुलांचे हात आणि तोंड पुसून घ्या, वॉफलवरचा पाक चिकट असतो. फोटो एकानेच काढायचा, कोणी ते आधी ठरवा. टेबलामागे मोठी खिडकी असेल तर उजेड पाठीमागून येतो आणि चेहरे काळे पडतात. अशा वेळी फोटो काढणाऱ्याने जागा बदलावी. एखाद्या भेटीचा फोटोऐवजी व्हिडिओ घ्या. स्टिच आजीचा पदर कौतुकाने बघतो तेव्हाचं आजीचं हसू फोटोत पकडता येत नाही. आजीही फोटोत हवीच, ती नेहमी ताटं धरून मागे राहते.

वाढदिवस असेल तर तसा बिल्ला पार्कात फुकट मिळतो. तो मुलाच्या छातीवर लावा, कॅरॅक्टर तो बघतात आणि हातवाऱ्यांनी शुभेच्छा देतात.

सगळ्या भेटी आणि जेवण मिळून सव्वा ते दीड तास लागतो. त्याच्या पुढे लगेच कुठल्या राइडची वेळ घेऊ नका, मधे अर्धा तास मोकळा ठेवा. कोणी भेटायचं राहिलं असेल तर बिल मागण्याआधी वेटरला नाव घेऊन सांगा, तो त्या कॅरॅक्टरबरोबर असलेल्या मदतनिसाला निरोप देतो. बिल देऊन उठल्यावर ते टेबल पुढच्या कुटुंबाचं होतं. सही ओली असेल तर वही लगेच मिटू नका, चकचकीत कागदावर मार्कर फिस्कटतो. दोन मिनिटं उघडीच धरून बाहेर पडा.